भाड्याच्या पावतीवर आईची सही



जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे आपल्याकडे धान विकून झालेले असते आणि उन्हाळी धानाची गडबड चालू असते. याच दिवसांत नोकरीवर असलेल्या मुलामुलींच्या ऑफिसातून कागद मागवले जातात. विम्याची पावती द्या, घरभाड्याची पावती द्या. या घरभाड्याच्या पावतीबद्दल आज आम्ही बोलणार आहोत, कारण ती आमच्याच गटाच्या बैठकीत येऊन पोचली.

आमच्या एका सदस्य बाईने पिशवीतून बारा पावत्या काढल्या. मुलगा म्हणाला होता, "माय, यावर सह्या कर." कशाच्या? तर दर महिन्याला घरभाडे मिळाल्याच्या. आम्ही आधी हसलो. पोटच्या पोराकडून भाडे घेतेस का गं, म्हणून तिला चिडवलेही. ती म्हणाली, "मले त एक रुपया भेटला नाही." तेव्हा आमचे हसणे थांबले. गटात आम्ही एक नियम पाळतो: पैसे मोजून हातात आल्याशिवाय वहीवर सही नाही. मग घरात तो नियम का नको?

आम्ही कर-सल्लागाराकडे जाऊन माहिती घेतली. पहिली गोष्ट कळली ती ही, की नोकरी करणाऱ्या मुलाने किंवा मुलीने आईवडिलांच्या घरात राहून त्यांना भाडे देणे कायद्याने चालते. पगारात घरभाडे भत्ता मिळत असेल, तर जुन्या करपद्धतीत त्यावर सूटही मिळते. पण काही अटी आहेत.

घर ज्याच्या नावावर, भाडे त्याला. घर वडिलांच्या नावे असेल तर आईच्या सहीची पावती चालत नाही. घराच्या मालकीत मुलाचेच नाव असेल तर त्याला स्वतःच्या घराचे भाडे दाखवता येत नाही. म्हणून आधी ग्रामपंचायतीतून नमुना आठचा उतारा काढा आणि कोणाचे नाव आहे ते वाचा. शहरात असाल तर नगरपरिषदेचा उतारा. आमच्यापैकी कितीतरी जणींनी हा उतारा पहिल्यांदाच पाहिला, आणि बहुतेक उताऱ्यांवर आमची नावेच नव्हती.

मुलगा खरोखर त्या घरात राहत असला पाहिजे. नोकरी आणि बिऱ्हाड नागपूरला आणि भाडे आमगावच्या घराचे, असे चालत नाही. भाडेही खरोखर दिले पाहिजे. रोखीने दिले तर पुरावा उरत नाही, म्हणून ते दर महिन्याला बँकेतून आईच्या खात्यात यावे. वर्षाचे भाडे 1 लाखाच्या वर गेले तर मुलाला ऑफिसात आईचा पॅन नंबर द्यावा लागतो. साधा भाडेकरारही करून ठेवावा.

आईला भाडे दिल्याचे एक प्रकरण मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणात गेले होते. 2017 साली निकाल लागला. एका नोकरदार महिलेने आईला रोखीने भाडे दिल्याचे दाखवले होते. बँकेतून पैसे काढल्याचा पुरावा नव्हता, सोसायटीला कळवलेले नव्हते, आणि चौकशीत दिसले की ती नवऱ्यासोबत स्वतःच्याच घरी राहते. सूट नाकारली गेली. आई आणि लेक हे नाते आडवे आले नाही, खोटे भाडे आडवे आले. अहमदाबादच्या एका प्रकरणात तर नवऱ्याने बायकोला दिलेले भाडे मान्य झाले, कारण ते खरोखर दिलेले होते.

आता आईकडे वळू. भाडे मिळाले की ते आईचे उत्पन्न झाले. समजा, महिन्याला 12,000 रुपये, म्हणजे वर्षाला 1,44,000. त्यातून आईने भरलेला घरटॅक्स वजा होतो आणि उरलेल्या रकमेतून 30 टक्के सरसकट वजावट मिळते. म्हणजे सुमारे 1 लाखच उत्पन्न धरले जाते. 2025-26 या वर्षी नव्या पद्धतीत 4 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. तेव्हा आईचे दुसरे मोठे उत्पन्न नसेल तर तिला कर लागणार नाही.

पण कर लागत नाही म्हणजे काहीच लागत नाही, असे समजू नका. श्रावणबाळ योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावे लागते. काही घरांत मुलाची शिधापत्रिका वेगळी, आईची वेगळी असते. अशा आईने सह्या केल्या, तर एका कागदावर ती निराधार आणि दुसऱ्या कागदावर वर्षाला लाखाच्या वर भाडे घेणारी घरमालकीण होते. भाडे तर हातात आलेच नाही, आणि उद्या चौकशी झाली तर उत्तर तिने द्यायचे. मुलालाही धोका आहे. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे ठरले, तर बुडवलेला कर भरून वर त्याच्या दुप्पट दंड बसू शकतो.

सल्लागाराने शेवटी जे सांगितले, ते ऐकून आम्ही थक्क झालो. त्या मुलाचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला 80,000 धरा, घरभाडे भत्ता 16,000, आणि भाडे 12,000. जुन्या पद्धतीत भाड्यातून पगाराचा दहावा हिस्सा, म्हणजे 8,000, वजा करायचे. उरले 4,000. म्हणजे वर्षाला 48,000 रुपयांवर सूट. ती घेऊन आणि बचतीची दीड लाखाची वजावट धरूनही त्याला 90,000 रुपयांहून जास्त कर बसतो. नव्या पद्धतीत ही भाड्याची सूट नाहीच. पण 2025-26 मध्ये नोकरदाराला पगाराच्या पौने तेरा लाखांपर्यंत कर लागत नाही. त्याचा वर्षाचा पगार साडेअकरा लाख. कर शून्य!

म्हणजे ज्या पावत्यांसाठी माय सह्या करणार होती, त्या त्याला लागतच नव्हत्या. मुलाने जुन्या सवयीने आणि सहकाऱ्यांचे पाहून पावत्या छापून आणल्या होत्या. आकडे दर अर्थसंकल्पात बदलू शकतात, म्हणून दरवर्षी दोन्ही पद्धतींचा हिशेब मांडूनच ठरवावे.

त्या बाईने सह्या केल्या नाहीत. मुलगा दोन दिवस घुश्श्यात होता. मग त्याने ऑफिसात नवी पद्धत लिहून दिली. पण बाई तिथे थांबली नाही. तिने विचारले, "कागदावर बारा हजार देणार होतास, त आता खरे दोन हजार देशील का?" गेल्या काही महिन्यांपासून तिच्या खात्यात दर महिन्याला दोन हजार येतात. पावती नाही, सूट नाही. ती त्यातून गटाची बचत भरते आणि गुडघ्याचे औषध स्वतःच्या पैशाने आणते.

मायबहिणींनो, आपण मुलांवर अविश्वास दाखवा असे आम्ही म्हणत नाही. खरे भाडे खात्यात येत असेल, घर आपल्या नावावर असेल आणि मुलाला त्याचा खरोखर फायदा असेल, तर जरूर सही करा. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने नमुना आठचा उतारा आणि बँकेचे पासबुक आणा. सोबत बसून वाचू. आणि घरी कोणी कागद पुढे केला तर एवढेच विचारा: हे पैसे माझ्या हातात कधी आले?