ऐकू येणे आणि उमगणे : श्रवणरोपणाच्या सुधारित ध्वनियंत्राची पारख



‘श्रावक’ या शब्दाच्या मुळाशी ‘ऐकणे’ आहे. जो ऐकतो, तो श्रावक. ज्या परंपरेने गृहस्थाला हे नाव दिले, तिच्या सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात ज्यांचे कान मिटले आहेत अशा बांधवांचा विचार व्हावा, हे उचितच होय. श्रवणरोपणाच्या म्हणजेच कॉक्लिअर इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेसाठी साहाय्य करणाऱ्या संस्था आज पुष्कळ आहेत. परंतु शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी कानामागचे यंत्र जुने होते. नवे, सुधारित यंत्र बाजारात येते आणि कुटुंबापुढे प्रश्न उभा राहतो : हे घ्यावे का? त्याने खरोखर अधिक समजेल का? या प्रश्नाचे उत्तर कसे मिळवतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम या उपकरणाची रचना पाहू. त्याचे दोन भाग असतात. एक भाग शस्त्रक्रियेने त्वचेखाली बसविला जातो. त्याची बारीक तार आंतरकर्णातील गोगलगायीच्या शंखासारख्या वेटोळ्यात सरकविलेली असते आणि त्या तारेवर विद्युताग्रे म्हणजे इलेक्ट्रोड असतात. दुसरा भाग शरीराबाहेर असतो. त्यालाच साउंड प्रोसेसर किंवा ध्वनिप्रक्रियक म्हणतात. मायक्रोफोनने टिपलेला आवाज हा प्रोसेसर उंच-सखल स्वरांच्या पट्ट्यांत विभागतो आणि कोणत्या विद्युताग्राला किती विद्युत द्यावयाची ते ठरवितो. हा संदेश चुंबकाने डोक्याला चिकटणाऱ्या चकतीतून त्वचेपलीकडे जातो. निरोगी कानात हे काम सुमारे 3,500 आंतर केशपेशी करतात. येथे ते 12 ते 22 विद्युताग्रांवर भागवावे लागते. म्हणूनच त्या थोडक्या विद्युताग्रांचा उपयोग किती चतुराईने केला जातो, यावर सारे अवलंबून असते.

या विद्येच्या जनकांपैकी एक, ऑस्ट्रेलियाचे प्रा. ग्रॅम क्लार्क, हे एका औषध दुकानदाराचे पुत्र. वडिलांना ऐकू कमी येई. गिऱ्हाइकाने हळू आवाजात सांगितलेली खासगी व्यथा त्याला पुन्हा मोठ्याने सांगावी लागे, आणि दुकानातील इतरांच्या कानी ती पडे. गल्ल्यावर बसणाऱ्या कोणालाही ही अवघड अवस्था समजेल. त्या मुलाने पुढे 1 ऑगस्ट 1978 रोजी मेलबर्न येथे रॉड सॉन्डर्स या गृहस्थांवर बहुविद्युताग्री रोपणाची शस्त्रक्रिया केली. पॅरिस, लॉस एंजेलिस आणि व्हिएन्ना येथेही याच दिशेने मोलाचे काम झाले होते. आपल्या मुंबईत डॉ. मिलिंद कीर्तने यांनी ही शस्त्रक्रिया रुजविण्यात मोठा वाटा उचलला. 2014 मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

या रचनेचा मोठा लाभ असा, की उपकरणाची बुद्धी शरीराबाहेर आहे. आतील भागाला हात न लावता बाहेरचा प्रोसेसर बदलता येतो. याचा एक उत्तम दाखला 1994 साली प्रसिद्ध झाला. 22 विद्युताग्रांचे रोपण असलेल्या 63 प्रौढांना अमेरिकेतील मार्गो स्किनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी ध्वनिपद्धती असलेला प्रोसेसर दिला. पण केवळ देऊन ते थांबले नाहीत. आधी जुने यंत्र, मग नवे, पुन्हा जुने, पुन्हा नवे, असा क्रम ठेवून प्रत्येक वेळी चाचणी घेतली. नव्या यंत्राने सरासरी गुण वाढले, आणि ही वाढ विशेषतः गोंगाटातील वाक्ये समजण्यात दिसली. आतील तार तीच, कान तोच. बदलला तो फक्त बाहेरचा हिशेब!

हा उलटसुलट क्रम कशासाठी? नवी वस्तू हाती येताच मन प्रसन्न होते आणि ती चांगलीच वाटते. शिवाय, एकच शब्दयादी वारंवार ऐकली तर ती पाठ होते आणि गुण आपोआप वाढतात. जुने यंत्र पुन्हा लावल्यावर गुण खाली आले, तरच वाढीचे श्रेय नव्या यंत्राचे. म्हणूनच दर वेळी शब्दयादीही निराळी घेतात.

आता प्रत्यक्ष पारख कशी होते ते पाहू. पहिली पायरी जुने यंत्र ठाकठीक करण्याची. वर्षानुवर्षांच्या घामाने व धुळीने मायक्रोफोन मंद झालेला असतो. तो तसाच ठेवून तुलना केली, तर नव्या यंत्राचा विजय हा केवळ स्वच्छ मायक्रोफोनचा विजय ठरतो. दुसरी पायरी मॅपिंगची. प्रत्येक विद्युताग्रावर किमान किती विद्युत दिली म्हणजे चाहूल लागते आणि किती दिली असता आवाज मोठा पण सुसह्य वाटतो, हे श्रवणतज्ज्ञ मोजतात. हा नकाशा प्रत्येक व्यक्तीचा वेगळा असतो. नव्या यंत्रात तो नीट उतरविल्यावाचून पुढे जाणे व्यर्थ.

यानंतर ध्वनिरोधक खोलीत हलक्या स्वरांपासून आरंभ करून कोणत्या पातळीवर ऐकू येते ते पाहतात. मग शब्द व वाक्ये ऐकवितात. आधी नित्याच्या बोलण्याच्या, म्हणजे सुमारे 60 ते 65 डेसिबलच्या पातळीवर आणि मग हळू आवाजात. शेवटी मागून माणसांचा कोलाहल सुरू करून बोलणे व गोंगाट यांतील अंतर क्रमाक्रमाने कमी करतात. ही शेवटची चाचणीच खरी कसोटी. शांत खोलीत जुन्या यंत्रानेही शंभरापैकी पंचाण्णव गुण मिळत असतील, तर नव्याचे श्रेष्ठत्व दिसायला जागाच उरत नाही. लग्नाच्या पंगतीत, बसस्थानकावर, दुकानात चार गिऱ्हाइके एकदम बोलत असताना काय समजते, त्यावर माणसाचे जगणे अवलंबून असते.

लहान मुलांसाठी सहा ध्वनींची एक सोपी चाचणी डॅनियल लिंग यांच्या नावाने ओळखली जाते : आ, ऊ, ई, श, स आणि म. बोलण्यातील खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंतचा पट्टा त्यांत येतो. ओठ झाकून माता ती रोज सकाळी घरीच घेऊ शकते. ओठ झाकणे आवश्यक, नाहीतर मूल ओठ पाहूनच ध्वनी ओळखू शकते. मूल काल ‘स’ला प्रतिसाद देत होते आणि आज देत नाही, एवढे कळले तरी यंत्राचा दोष वेळीच ध्यानी येतो.

येथे आपल्या भाषेचा प्रश्न येतो. इंग्रजी शब्दयादीवर मराठी मुलाची परीक्षा घेणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाने अंगरखा बेतणे. साल आणि शाल, काल आणि काळ, मन आणि मण, कान आणि खान हे भेद मराठी कानाला ओळखता आले पाहिजेत. चाचणी ज्या भाषेत आयुष्य जाते त्याच भाषेत व्हावी.

खोलीतील परीक्षेने मात्र काम संपत नाही. कापडाचा रंग पक्का की कच्चा, हे दुकानाच्या दिव्याखाली कळत नाही. दोन धुण्यांनंतर कळते. तसेच नवे यंत्र काही आठवडे घरी वापरावे लागते. मेंदूला जुन्या नादाची सवय असते. प्रारंभी नवा आवाज किरटा किंवा परका वाटू शकतो. पहिल्या दिवशी नाकारलेले यंत्र महिन्याने प्रिय होऊ शकते आणि पहिल्या दिवशी भावलेले निष्फळही ठरू शकते. या काळात दूरध्वनी, दूरदर्शन, प्रवचन, प्रवास अशा प्रसंगी काय समजले, याची नोंद प्रश्नावलीतून घेतात. गुणपत्रिका आणि अनुभव या दोहोंचा मेळ बसला, की निर्णय करता येतो. लाभ सर्वांना सारखा होत नाही. जुन्या यंत्रानेच उत्तम चालते असा निष्कर्ष निघाला, तर तीही पारख सफलच मानावी, कारण एका कुटुंबाचे मोठे कर्ज वाचले.

श्रोतेहो, दात्यांनी विचार करावा तो येथे. केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेत 2014 मध्ये श्रवणरोपणासाठी 6 लाख रुपयांपर्यंतच्या साहाय्याची तरतूद झाली आणि मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे त्या कामाची जबाबदारी आली. अनेक गरीब बालके त्यामुळे ऐकू लागली. परंतु आतील भाग दशकानुदशके टिकावा असा घडविलेला असतो, तर बाहेरचा प्रोसेसर झिजतो. त्याची तार तुटते, बॅटरी क्षीण होते, आणि काही वर्षांनी त्या नमुन्याचे सुटे भाग मिळेनासे होतात. ज्या दिवशी प्रोसेसर बंद पडतो, त्या दिवशी लाखो रुपयांचे रोपण मुके होते आणि शाळेत जाणारे मूल पुन्हा निःशब्दतेत ढकलले जाते. शस्त्रक्रियेचे दान दिसते, त्याचे छायाचित्र निघते. बॅटरीचे दान दिसत नाही. परंतु पहिल्या दानाचे सार्थक दुसऱ्यावर अवलंबून आहे.

म्हणून साहाय्यनिधी चालविणाऱ्या संस्थांनी तीन गोष्टी कराव्यात. एक, शस्त्रक्रियेसाठी रक्कम देतानाच पुढील दहा वर्षांच्या देखभालीचा अंदाज मांडून त्याचा काही अंश राखून ठेवावा. दोन, नव्या प्रोसेसरसाठी अर्ज आल्यास जुन्या व नव्या यंत्राच्या तुलनात्मक चाचणीचा श्रवणतज्ज्ञांचा अहवाल पाहावा. गोंगाटातील चाचणी त्यात असावी. मात्र जुने यंत्र बंदच पडले असेल, तर अहवालासाठी मुलाला एक दिवसही ताटकळत ठेवू नये. तीन, चाचणीचा व प्रवासाचा खर्चही साहाय्यास पात्र मानावा. खेड्यातील माता केवळ गाडीभाड्याअभावी मॅपिंगला येऊ शकत नसेल, तर उत्तमोत्तम यंत्रही चुकीच्या नकाशावर चालत राहते.

आवाज कानी पडणे आणि बोल उमगणे यांत मोठे अंतर आहे. ते अंतर किती उरले, हे प्रामाणिकपणे मोजणे हीच सुधारित यंत्राची पारख होय. त्या मोजमापाला दात्यांच्या विवेकाची जोड मिळाली, तर मिटलेले कान उघडतील आणि उघडलेले पुन्हा मिटणार नाहीत.