इतिहासाचा तास आणि सामाजिक शास्त्रे
(चंदगड येथे शिक्षकांच्या परिषदेत केलेले भाषण)



सनावळी पाठ झाली की इतिहास झाला, अशा समजुतीने मी तरुणपणी शिकवीत असे. एके दिवशी पाचवीतील एका मुलीने विचारले, "गुरुजी, माझे आजोळ बेळगाव तालुक्यात. आजी म्हणते, पूर्वी आपला जिल्हा एकच होता. मग तो वेगळा कोणी केला?" मजजवळ उत्तर नव्हते. प्रश्न इतिहासाचा, भूगोलाचा की नागरिकशास्त्राचा, हेही मला ठरविता येईना.

तो तिहींचा होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यातील चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. हा झाला इतिहास. राज्यांच्या सीमा बदलण्याचा कायदा संसद करते, हे नागरिकशास्त्र. आपली ताम्रपर्णी मात्र ती सीमा ओलांडून घटप्रभेस जाऊन मिळते, हा भूगोल. सोयरिकी व बाजारहाट आजही सीमेपलीकडे चालतात, हे समाजजीवन. एवढे सारे एका मुलीच्या आजोळात सामावलेले होते.

अभ्यासक्रमाने इतिहासाला सामाजिक शास्त्रांत स्थान दिले, ते याच हेतूने. परंतु या एकत्रीकरणात इतिहासाची स्वतःची शिस्त हरवता कामा नये. पारगडाचेच पाहा. तानाजी मालुसरे १६७० साली सिंहगडावर पडले. त्यांचे पुत्र रायबा यांस पारगडची किल्लेदारी मिळाली, असे परंपरा सांगते. मालुसरे घराण्यातील मंडळी आजही गडावर नांदत आहेत. येथे मुलांना दोन प्रश्न विचारावेत. गड सह्याद्रीच्या याच कडेवर का? कोकणाची वाट व पोर्तुगिजांचा गोवा नकाशावर दाखविला की उत्तर मुलेच देतील. दुसरा प्रश्न: ऐकलेली गोष्ट आणि कागदोपत्री पुरावा यांत भेद कोणता? हा प्रश्न इतिहासाखेरीज दुसरा विषय शिकवीत नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच. प्रत्येक पाठाबरोबर भिंतीवर नकाशा असावा, फळ्यावर कालरेषा असावी आणि घरच्या वडीलधाऱ्यांना विचारण्याजोगा एक प्रश्न मुलांना द्यावा. सीमेसारखा नाजूक विषय निघाल्यास घडले ते सांगावे, कटुता शिकवू नये.

त्या मुलीला उत्तर देण्यास मला आठ दिवस लागले. आपल्या वर्गात असा प्रश्न येईल, तेव्हा आपली तयारी असावी.