फोन कुणाच्या हातात आहे?

(स्त्री संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी भरलेल्या प्रशिक्षण शिबिरातील भाषण)



आपल्यापैकी अनेक संस्था आता बायकांसाठी मोबाईलवरची सेवा सुरू करण्याच्या विचारात आहेत. कुणाला कायद्याची माहिती द्यायची आहे, कुणाला हिंसाचाराच्या तक्रारी नोंदवून घ्यायच्या आहेत. अनुदान मंजूर झाले की पहिली बैठक होते ती अ‍ॅप तयार करणाऱ्यांबरोबर. रंग कोणता, संस्थेचे बोधचिन्ह कुठे, यावर चर्चा रंगते. जिच्यासाठी हे सारे चालले आहे ती बाई मात्र त्या बैठकीत नसते.

संगणकाच्या क्षेत्रात ‘यूजर एक्स्पिरियन्स’ असा शब्द आहे. म्हणजे वापरणारीचा अनुभव. त्याचे नियोजन म्हणजे शेवटी करायची रंगरंगोटी नव्हे. सेवा कुणासाठी, कोणत्या परिस्थितीत आणि ती चालली हे कशावरून ओळखायचे, हे आधी ठरवणे म्हणजे नियोजन.

परिस्थिती काय आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरण्याचा मोबाईल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के होते. उरलेल्या जणींचा फोन म्हणजे नवऱ्याचा, मुलाचा, नाहीतर शेजारणीचा.

हे न पाहता आखणी केली की काय होते? २०२१ साली अंगणवाडी सेविकांना ‘पोषण ट्रॅकर’वर नोंदी करायला सांगितले गेले. अ‍ॅप मराठीत नव्हते आणि दिलेले फोन त्याचा भार पेलत नव्हते. महाराष्ट्रातल्या सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. २०२५ च्या सप्टेंबरात ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. तिथे नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाईलवर आलेला ओटीपी मागितला. ज्यांना नवरा नाही आणि वडीलही नाहीत, अशा विधवा व घटस्फोटित बायका त्या एका चौकटीपाशी अडकल्या. पुढे त्यांच्यासाठी वेगळी सोय केली, मुदतही वाढवली. पण ‘प्रत्येक बाईमागे एक पुरुष असतोच’ हे गृहीतक फॉर्ममध्ये आधीच शिरले होते. फॉर्म तटस्थ नसतो, बायांनो. तो करणाऱ्याची समाजाविषयीची समजूत त्यात उतरते.

मग आपण काय करायचे?

पहिले, वस्तीत जाऊन विचारायचे. फोन कुणाचा? रिचार्ज कोण भरते? लॉक कुणाकुणाला ठाऊक? फोन तुझ्या हाती केव्हा असतो? एकल स्त्रिया, वाचता न येणाऱ्या, दूरच्या पाड्यावरच्या, अपंग, अशा सगळ्यांना विचारायचे. फक्त बचतगटाच्या अध्यक्षांना विचारून भागणार नाही.

दुसरे, यशाचे माप ठरवायचे. किती जणींनी अ‍ॅप घेतले हा आकडा अहवालात शोभतो. किती जणी मदतीपर्यंत पोचल्या आणि मधेच कुठे थांबल्या, हे मोजायला हवे.

तिसरे, पैसे खर्च करण्याआधी प्रत्येक पडदा कागदावर काढायचा. बाईच्या हाती तो कागद द्यायचा, ‘इथून वकिलाला कसे गाठशील?’ एवढेच विचारायचे आणि गप्प बसायचे. आपण समजावायला लागलो की परीक्षा संपली. या विषयातले अभ्यासक जेकब नील्सेन यांनी २००० साली मांडले की पाच जणांबरोबर करून पाहिले तरी बहुतेक अडचणी उघड होतात. आपल्याकडचे गट वेगवेगळे आहेत, म्हणून प्रत्येक गटातल्या पाच जणी घ्या. याला मोठे अनुदान लागत नाही, वही-पेन्सिल लागते.

चौथे, आणि सर्वांत महत्त्वाचे, सुरक्षितता. नाव आणि चिन्हावरून ‘हिंसाचार’ ओळखू येता कामा नये. तिने सांगितलेल्या वेळेखेरीज फोन किंवा संदेश जाता कामा नये. झटकन बाहेर पडण्याचे बटण द्या, पण त्याने फोनमधल्या आधीच्या नोंदी पुसल्या जात नाहीत हेही तिला स्पष्ट सांगा. नवऱ्याने फोन तपासला तर काय दिसेल, हा प्रश्न प्रत्येक पडद्यापाशी विचारायचा. त्याचे उत्तर चुकले तर मार तिला बसतो, आपल्याला नाही.

पाचवे, पडद्यामागे माणूस हवे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. तिची तक्रार त्यांच्यापर्यंत कोण नेणार, रात्री फोन कोण उचलणार, सहा महिन्यांनी दुरुस्त्यांचा खर्च कोण करणार, हे आराखड्यात नावानिशी आणि रकमेनिशी लिहा.

हे सारे केल्यावर कदाचित लक्षात येईल की आपल्या भागात अ‍ॅप नकोच आहे. एक साधा क्रमांक आणि बायकांच्या भाषेत बोलणारी कार्यकर्ती पुरेशी आहे. तसे निघाले तर अनुदान देणाऱ्यांना तसे सांगण्याचे धाडस करा. नियोजन त्यासाठीच असते.