कळतं, पण तोंडातून निघत नाही



व्यवसायातली नीती शिकवून कुणी सुधारतं का, असं मला पालक विचारतात, कारखानदार विचारतात, आणि वर्गातली मुलं तर हमखास विचारतात. जे काही व्हायचं ते घरच्या संस्कारांनीच, असा त्यामागचा सूर असतो. मला तो पटत नाही. अमेरिकेत जेम्स रेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली एकूणच नीतिशिक्षणाच्या ५५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. पेचप्रसंगांवर मोकळी चर्चा घडवली, तर नैतिक निर्णयाची समज वाढते, असं त्यात दिसलं. फार नाही, पण वाढते. लहान मुलांपेक्षा प्रौढांची जास्त वाढते. तीन आठवड्यांहून कमी मुदतीच्या शिक्षणाचा मात्र परिणाम दिसला नाही. कंपनीत एका दुपारी व्याख्यान ठेवून हजेरीपटावर सह्या घेणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

आता खरी अडचण पुढेच आहे. समज वाढली, तरी ऐनवेळी माणूस तसा वागेलच असं नाही.

मिसिसिपी राज्यातल्या वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीत बेटी व्हिन्सन हिशोब खात्यात होत्या. ऑक्टोबर २००० मध्ये तिमाहीचे आकडे बाजाराच्या अपेक्षेला पुरेनात. वरून सांगणं आलं: तरतुदींमधून ८२ कोटी ८० लाख डॉलर वळवा आणि खर्च तेवढा कमी दाखवा. हे गैर आहे हे त्यांना कळलं, त्यांनी ते वरिष्ठांना सांगितलंही. ‘एवढ्या वेळेपुरतंच’ अशी समजूत काढली गेली आणि नोंद झाली. त्यांनी राजीनामा लिहिला, पण दिला नाही. घर मुख्यतः त्यांच्या पगारावर चालत होतं, आरोग्यविमाही त्याच नोकरीतून होता. पुढच्या तिमाहीत पुन्हा तेच, त्यानंतरही तेच. २००५ मध्ये त्यांना पाच महिन्यांचा तुरुंगवास झाला.

त्याच कंपनीत सिंथिया कूपर अंतर्गत लेखापरीक्षण पाहत होत्या. तपासणी पुढे ढकला, असं त्यांना वित्तप्रमुखांनी सुचवलं. त्या थांबल्या नाहीत. एकेका नोंदीला आधार काय, एवढंच विचारत त्या व्हिन्सन यांच्या टेबलापर्यंत पोहोचल्या. नोंद मी केली, पण आधाराचा कागद माझ्याकडे नाही, हे व्हिन्सन यांनी तिथे कबूल केलं. कूपर यांनी प्रकरण संचालक मंडळाच्या लेखापरीक्षण समितीपुढे नेलं आणि जून २००२ मध्ये ३८० कोटी डॉलरची लबाडी जाहीर झाली.

चूक-बरोबर दोघींनाही कळत होतं. कूपर यांच्याकडे विचारायला नेमका प्रश्न होता, सोबत सहकारी होते आणि जायला जागा होती. ही तयारी करून देण्यात आपलं नीतिशिक्षण कमी पडतं. मेरी जेंटाइल यांनी ‘गिव्हिंग व्हॉइस टू व्हॅल्यूज’ हा अभ्यासक्रम याचसाठी उभा केला. काय योग्य ते ठरलंय असं धरून चालायचं, आणि ते कुणाला, कधी, कोणत्या शब्दांत सांगायचं याची तालीम करायची.

वर्गात मी हेच करून घेते. एप्रिलमध्ये मार्चअखेरचे हिशोब मिटवणं चालू आहे, एक जण साहेब, दुसरा अकाउंटंट. साहेब म्हणतात, ‘‘हे बिल मागच्या तारखेनं टाकून द्या.’’ पहिल्या वेळी बहुतेक मुलं ‘‘बघतो साहेब’’ म्हणून मान खाली घालतात. काही उसळून भाषण देतात, त्यानेही काम होत नाही. तीन-चार फेऱ्यांनंतर कुणी तरी शांतपणे म्हणतं, ‘‘साहेब, माल एप्रिलमध्ये आलाय, गेटच्या वहीत तारीख आहे. ऑडिटला मी काय दाखवू?’’ यात कुणावर आरोप नाही, आणि साहेबांना मागे फिरायला वाट आहे. हे वाक्य घरी मोठ्यानं म्हणून बघा. जीभ वळलेली असली, की ऐनवेळी सुचतं.

पहिल्याच वेळी बोला. रक्कम लहान असते तेव्हा नकार स्वस्त पडतो. तोंडी सांगितलेलं काम असेल, तर ‘‘मेलवर कळवाल का?’’ असं विचारा. कित्येकदा तो मेल येतच नाही आणि विषय तिथेच मिटतो.

एवढ्यानं विषय मिटला नाही, तर वर जायची वाट ठाऊक हवी. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत असाल, तर २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १७७ माहीत असू द्या. गैरप्रकार कळवायची यंत्रणा ठेवणं कंपनीला बंधनकारक आहे. कळवणाऱ्याला त्रास होऊ नये याची सोय त्यात असावी लागते, आणि योग्य प्रसंगी थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत जाता यावं लागतं. कुठे आणि कुणाला कळवायचं, हा पत्ता कामावर रुजू होतानाच विचारून घ्या. अडचण आल्यावर तो शोधायला गेलात, तर आधीच चार जणांचं लक्ष तुमच्याकडे लागलेलं असतं.