औषधाला न जुमानणाऱ्या पेशी

हिंजवडीच्या नव्या वसाहतींतून कुंपणाच्या कडेला जी सदाफुली फुललेली दिसते, तिच्याच पानांतून लसिकाग्रंथींच्या कर्करोगावरील, म्हणजे लिंफोमावरील, एक प्रमुख औषध निघालें. त्याचें नांव व्हिन्क्रिस्टिन. ग्रॅमभर औषधासाठीं शेंकडों किलो वाळलेलीं पानें लागतात. पेशी दुभंगतांना गुणसूत्रें ओढून वेगळीं करणारे जे सूक्ष्म तंतू, ते हें औषध बनूंच देत नाहीं. आणि दुभंगूं न शकलेली पेशी मरते. डॉक्सोरुबिसिन वगैरे तीन औषधांच्या जोडीनें तें दिलें म्हणजे पुष्कळ रोग्यांच्या गांठी विरूं लागतात. पुढें कोणाची गांठ पुन्हां डोकें वर काढते, आणि या वेळीं तेंच औषध लागू पडत नाहीं. घरचीं माणसें म्हणतात, 'अंगाला औषधाची संवय झाली.' हें खरें नव्हे. बदललेली असते ती रोगाची पेशी. पथ्य चुकलें म्हणून रोग उलटला, असा बोल रोग्याला लावणें तर सर्वस्वी अन्यायाचें होय.

हा अनुभव केमोथेरपीइतकाच जुना आहे. १९४२ सालीं अमेरिकेंतील येल येथें गुडमन आणि गिल्मन यांच्या प्रयत्नानें लिंफोमाच्या एका रोग्यास नायट्रोजन मस्टर्ड टोंचण्यांत आलें. गांठी झपाट्यानें ओसरल्या. परंतु त्या परत आल्या, पुढील खेपांना गुण कमी होत गेला, आणि वर्ष संपण्यापूर्वींच तो रोगी दगावला.

याचें मर्म संख्येंत आहे. हरभऱ्याएवढ्या गांठींतहि कोट्यवधि पेशी असतात, आणि त्या सर्व एकसारख्या नसतात. त्यांतील मूठभर जरी आधींपासून औषधाला टिकणाऱ्या असल्या, तरी बाकीच्या मेल्यावर रान त्यांनाच मोकळें मिळतें.

टिकण्याच्या युक्त्या अनेक. १९७६ सालीं जूलियानो आणि लिंग यांनीं टोरोंटो येथें पेशीच्या आवरणांतील एक प्रथिन दाखविलें, पी-ग्लायकोप्रोटीन. तें आंत शिरलेलें औषध पंपाप्रमाणें बाहेर फेकतें. नवल असें कीं, व्हिन्क्रिस्टिन आणि डॉक्सोरुबिसिन यांच्या रचनेंत साम्य नसतांहि एकाच पंपानें दोन्ही बाहेर जातात. पंप बंद पाडणारीं औषधें करून पाहिलीं. रोग्यांवर त्यांचा म्हणावा तसा उपयोग झाला नाहीं. दुसरी युक्ति अधिक खोल. चौदाव्या आणि अठराव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली म्हणजे बीसीएल-२ हें प्रथिन अतोनात तयार होतें. औषधानें पेशी जखमी होते खरी, पण मरण्याची आज्ञा ती पाळीत नाहीं. हें प्रथिन पेशीला मरूं देत नाहीं, असें १९८८ सालीं मेलबर्नच्या संशोधकांनीं दाखविलें.

अशा हट्टी रोगासाठीं पवईच्या आय. आय. टी. आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यांतून नेक्सकार-१९ हा उपचार निघाला. त्यास ऑक्टोबर २०२३ मध्यें परवानगी मिळाली. रोग्याच्याच रक्तांतील टी-पेशी काढून, सीडी-१९ ही खूण ओळखण्याची शक्ति त्यांना देऊन, त्या पुन्हां शरीरांत सोडतात. यांच्यापुढें पंप निरुपयोगी ठरतो, कारण त्यांचा हल्ला बाहेरून होतो. तरीहि कांहीं रोग्यांत लिंफोमाच्या पेशी ती खूणच अंगावरून उतरवितात. आणि म्हणून संशोधक आतां एकाच वेळीं दोन खुणा ओळखणाऱ्या टी-पेशींच्या मागें लागले आहेत.