मैदानाबाहेरची कमाई
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी कुंडल येथील तरुणांपुढे केलेले भाषण)



आपले कुंडल कुस्तीच्या मैदानासाठी प्रसिद्ध. शेजारच्या कोल्हापुरात तर तालमींनीच फुटबॉलही जोपासला. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम ही संघांची नावेच त्याची साक्ष देतात. म्हणून तालमीत घुमणाऱ्या तरुणांस आम्ही आज एका फुटबॉल क्लबाची हकीकत सांगतो.

स्कॉटलंडातील ग्लासगो शहराच्या पूर्व भागात आयर्लंडहून आलेली दरिद्री कुटुंबे राहत. त्यांच्या मुलांस एका पेनीत जेवण देण्याची सोय ब्रदर वॉलफ्रिड ह्या मरिस्ट शिक्षकाने केली होती. त्या कार्यास द्रव्य मिळावे म्हणून १८८७ साली सेंट मेरी धर्मग्रामाच्या सभागृहात सेल्टिक क्लब स्थापन झाला. मैदानावरचे उत्पन्न भुकेल्यांच्या ताटात पडू लागले. पुढे १८९२ साली ब्रदरांची लंडनला बदली झाली, १८९७ साली क्लबाची कंपनी झाली, आणि मूळ हेतू मागे पडला. १९९५ साली धर्मादाय निधी स्थापून क्लबाने तो पुन्हा हाती घेतला.

मुलांनो, ढाल जिंकणे कठीण. ती कशासाठी जिंकली ह्याचे स्मरण ठेवणे त्याहून कठीण. एका सत्पुरुषाच्या आठवणीवर दानधर्म टिकत नाही. तेव्हा संघ काढाल त्या दिवशीच त्याच्या जमाखर्चाच्या वहीत पहिला रकाना भुकेल्याच्या नावाचा आखा, एवढेच आमचे मागणे आहे.