धातूला पडलेली जाळी



अनरशाला जाळी चांगली पडली म्हणजे गृहिणीस समाधान वाटतें. तशीच जाळी ॲल्युमिनियमला मुद्दाम पाडतात, आणि तीहि उष्णता वाहून नेण्यासाठीं, हें ऐकून आपणांस नवल वाटेल. संगणकांतील चिप कामाच्या भरांत तापते. ती उष्णता वेळेवर निघाली नाहीं तर चिप मंदावते, प्रसंगीं कायमची बिघडते.

बेंजामिन सोस्निक यांस अमेरिकेंत १९४८ सालीं धातूच्या फेसाचें पेटंट मिळालें. पाऱ्याची वाफ करून वितळलेलें ॲल्युमिनियम फुगविण्याची ती कृति. अशा फेसांतील बुडबुडे बहुधा बंद असतात. आपणांस हवी खुली जाळी. एका बाजूनें फुंकलेला वारा दुसरीकडून निघाला पाहिजे. ती स्पंजासारख्या साच्यावरून ओततां येते.

एक सेंटिमीटर बाजूचा भरीव घन घ्या. त्याच्या सहा बाजू मिळून ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग होतो. तेवढ्याच जागेंत बारीक जाळी असली तर २० च्या आसपास मिळतो, आणि धातु लागतो अवघा दशांश! शिवाय वेड्यावांकड्या तंतूंमधून वाट काढतांना हवा घुसळली जाते व उष्णता अधिक उचलते. स्तुति करणारे बहुधा येथवरच थांबतात.

पण गणित पुढें आहे. उरलेल्या दशांश धातूचे तंतू तिन्ही दिशांस पसरलेले. उष्णतेच्या वाटेनें जाणारा त्यांचा हिस्सा सुमारें तिसरा. दशांशाचा तृतीयांश म्हणजे तिसावा भाग. जाळीची वाहकता भरीव धातूच्या मानानें एवढी उतरते! उष्णता तळापासून थोड्याच उंचीपर्यंत चढते, वरची जाळी जवळजवळ थंड राहून फुकट जाते. म्हणून उंच ठोकळ्यापेक्षां बुटका बरा. छिद्रें फार बारीक केलीं तर वारा अडतो, पंख्यास अधिक वीज लागते. धूळ बसते ती निराळीच.

माझ्या मतें खरी मेख मात्र सांध्यांत आहे. जाळी तळावर नुसती ठेवली तर तंतूंचीं टोंकें कोठें कोठेंच टेकतात. मधल्या फटींत हवा राहते, आणि स्थिर हवा उष्णतेस मोठाच अडसर असते. चिकटवली तरी मध्यें चिकटीचा थर राहतोच. डाख देऊन धातूशीं धातु एकजीव केला, तरच जाळीच्या पृष्ठभागाचा लाभ पदरांत पडतो.

साध्या ठोकळ्याचीं पातीं पुष्कळदां तळासकट एकाच तुकड्यांतून निघतात. त्यांस सांधाच नसतो. म्हणून संगणकांत अद्याप बहुतेक ठिकाणीं पातींच दिसतात.